रंग ओला आहे

‘ज्ञानाच्या खजिन्याला कुलूप लागत नाही, तिथवर चोराचा हातच पोचत नाही.’

सरकारी शाळेच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच भिंतीमागच्या खोलीतून सोमवारी सकाळी वीस मायक्रोस्कोप, चार डझन काचेचे चंबू, परीक्षानळ्यांचे सहा स्टँड आणि माणसाच्या हाडांचा एक पूर्ण सापळा गायब झालेला आढळला. पूर्ण म्हणजे उजव्या हाताची करंगळी सोडून. ती आधीपासूनच नव्हती.

दाराचं कुलूप मात्र शाबूत होतं.

तपासनीससाहेबांना फोन आला तेव्हा त्यांच्या एका गालाची दाढी झाली होती. फोनवर शिक्षण समितीचे सभापती स्वतः होते. आवाज शांत होता. “शाळेत चोरी झाली आहे. चोर सापडलेला आहे. तुम्ही फक्त तपास करा,” ते म्हणाले. “संध्याकाळी पाचपर्यंत अहवाल द्या, म्हणजे फौजदारांना पुढचं काम करता येईल.”

तपासनीससाहेबांनी दुसऱ्या गालाची दाढी करताना विचार केला की, याच कामासाठी आपल्यालाच का निवडलं असावं. उत्तर अवघड नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो शाळा तपासल्या होत्या आणि प्रत्येक शेरेवहीत एकच शेरा लिहिला होता: समाधानकारक. छप्पर गळत असलं तरी समाधानकारक, शिक्षक नसले तरी समाधानकारक. एका शाळेत तर शाळाच नव्हती, नुसती जागा होती. तिथे त्यांनी ‘जागा समाधानकारक’ असं लिहिलं होतं. सगळं खातं त्यांना पाठीमागे समाधानसाहेब म्हणायचं आणि अलीकडे तोंडावरही म्हणायला लागलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

शाळेत पोचले तर व्हरांड्यात दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसलेले. एकाला इतिहास चालू होता आणि दुसऱ्याला गणित, त्यामुळे लढाया आणि पाढे एकमेकांत मिसळत होते. प्रयोगशाळेसाठी या मुलांची खोली रिकामी केली होती. आता ती खोली खरोखरच रिकामी होती.

दाराशी फौजदार उभे होते. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, शाळेची शिपाईण बसली होती. तिला सगळे मावशी म्हणत. पहिलीतली पोरंही मावशी म्हणत आणि त्यांचे आईबापही, कारण तेही इथेच शिकले होते. एकोणीस वर्षं ती रोजंदारीवर होती. पुढच्या महिन्यात तिला कायम करण्याचा आदेश निघणार होता. आता तिला पाच वाजता ठाण्यात नेणार होते.

“तुमचा अहवाल आला की मी घेऊन जातो,” फौजदार म्हणाले. ते वाईट नव्हते, दमलेले होते. “दार फोडलेलं नाही, खिडक्यांना गज आहेत आणि कुलुपाच्या दोन्ही किल्ल्या हिच्याकडे. मला तरी दुसरं कोणी सुचत नाही, साहेब. तुम्हाला सुचलं तर बघा.”

तपासनीसांनी कुलूप हातात घेतलं. कोऱ्या चकचकीत दाराला न शोभणारं, जुनं, घासून गुळगुळीत झालेलं पितळी कुलूप. त्यांनी ते एका लिफाफ्यात घालून पिशवीत टाकलं. पुरावा म्हणून काहीतरी घ्यावं लागतं, एवढं त्यांना माहीत होतं.

“साहेब, ते कुलूप…” मावशी उठत म्हणाली.

“बोलायला सांगतील तेव्हा बोल,” फौजदार म्हणाले. ती खाली बसली.

खोलीत दहा लांब टेबलं होती, हिरव्या ऑइलपेंटची. नळ होते. एक नळ तपासनीसांनी सोडून पाहिला; पाणी आलं नाही. खाली वाकून पाहिलं तर नळाला पाइपच नव्हता. तो टेबलात नुसता खिळ्यासारखा ठोकला होता. काल उद्घाटनाच्या वेळी हे कोणाला दिसलं नव्हतं, कारण आत कोणी गेलंच नव्हतं. दारात दोरी बांधली होती आणि दोरीला पाटी होती: रंग ओला आहे, हात लावू नये. सभापती तेवढे दोरी ओलांडून आत गेले, दाराजवळच्या सापळ्याशी त्यांनी हस्तांदोलन केलं, फोटो झाला. “याला करंगळी नाही, तरी आपल्यापेक्षा बरी पकड आहे,” असा विनोदही त्यांनी केला आणि सगळे हसले. तपासनीसही हसले होते. परत येताना सभापतींची पांढरी बाही एका टेबलाला घासली आणि कोपरापर्यंत हिरवी झाली, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

तपासनीस टेबलापाशी ओणवे झाले. रंगात घोड्याच्या नालासारखे ठसे होते, मायक्रोस्कोपच्या बैठकीचे. प्रत्येक ठशात रंग निघून आतलं कोरं लाकूड दिसत होतं. ठशाच्या कडेला रंगाचे बारीक काटे उभे राहिले होते, डिंकातून बोट उचलावं तसे. त्यांनी काट्यावर अंगठा दाबला. काटा कडक होता आणि टोचला.



मग त्यांनी मावशीला आत बोलावलं आणि फौजदारांना बाहेर थांबायची विनंती केली.

“रंग कधी दिला होता?”

“काल सकाळी सहाला. मीच दार उघडलं.”

“कार्यक्रम अकराचा. आदल्या दिवशी का नाही दिला?”

“मीही तेच विचारलं. तर सभापतींचे मेहुणे, रंगाचं काम त्यांचंच, ते म्हणाले, आदल्या दिवशी दिला तर सुकतो ना.”

“बरं. कुलूप कधी लावलं?”

“दीडला. मंडपवाल्यांनी शेवटची खुर्ची उचलली तेव्हा.”

“लावायच्या आधी आत डोकावलीस?”

“नाही. आत पाऊल टाकलंस तर याद राख, रंगावर ठसे उमटतात, असं मेहुण्यांनी बजावलं होतं. दार त्यांनीच ओढून घेतलेलं होतं. मी कडी घातली आणि कुलूप लावलं.”

“दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे. एक मोठ्या बाईंकडे का नाही दिलीस?”

“साहेब, ते कुलूप तर…”

तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या आणि वाक्य अर्धंच राहिलं. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत, वय सगळ्या शिक्षकांत लहान असलं तरी. बदली होऊन महिनाच झाला होता. चोरीची तक्रार त्यांनीच केली होती, लेखी, जावक क्रमांक घालून. आता तो कागद परत घेता येईल का, असं त्यांना सकाळपासून तिघांनी विचारलं होतं.

“मी मावशींचं नाव लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “सामान नाहीसं झालं, एवढंच लिहिलंय. नाव वरून आलं.”

“सकाळी आठलाच खोली कशाला उघडली?”

“सातवीचा विज्ञानाचा तास होता.”

“म्हणजे प्रयोगशाळा वापरायला?”

“मग ती कशासाठी असते, साहेब?”

तपासनीसांनी एकतीस वर्षांत अनेक प्रश्नांची उत्तरं दिली होती. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

विज्ञानाच्या सरांवर फौजदारांचा थोडा संशय होता, कारण शिक्षकांच्या खोलीत त्यांनी एकदा जाहीर केलं होतं की, मायक्रोस्कोप मिळाला तर मी त्याला घरी नेऊन उशाशी घेऊन झोपेन. सर अठरा वर्षं फळ्यावर मायक्रोस्कोपची आकृती काढत होते. आकृती इतकी सुरेख काढत की, मुलांना तिचे पैकीच्या पैकी गुण मिळत. त्यांतल्या एकाही मुलाने मायक्रोस्कोपमधून काही पाहिलेलं नव्हतं. खडू कमी येत म्हणून सर प्रत्येक खडूचे तीन तुकडे करत, आणि आकृतीतली शेवटची भिंगं काढेपर्यंत नखाने फळा खरवडायची वेळ येई.

काल पाहुणे मधल्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं घेत असताना सर व्हरांड्यातच घुटमळत होते. दोरीवरून वाकून एखादा मायक्रोस्कोप तरी जवळून दिसतो का, ते बघत होते. मंडपवाल्यांनी त्यांना हुसकलं.

“मग काय पाहिलंत?”

“काही नाही हो. दोघं जण गुंडाळलेली सतरंजी उचलून टेम्पोकडे नेत होते. पेशंट न्यावा तशी, जपून. मागून बाकीचे खोकी नेत होते. मला वाटलं, माइकची असतील.”

“काल कार्यक्रमाला सतरंजी होती?”

सरांनी आठवून पाहिलं. “नाही. सगळे खुर्च्यांवर होते.” मग ते स्वतःच्याच उत्तराने चमकले.

दहाच्या सुमारास मेहुणे आले. हे सभापतींच्या पत्नीचे सख्खे भाऊ. नात्याने एकट्या सभापतींचे मेहुणे, पण आता सगळ्या गावाचेच मेहुणे झाले होते. बँकवाला, डॉक्टर, अगदी पाण्याच्या टाकीवरचा माणूससुद्धा त्यांना मेहुणे म्हणायचा. शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवण्याचं कंत्राट त्यांचं, रंगाचं काम त्यांचं आणि मंडपही त्यांचाच. गोरेगोमटे, हसतमुख, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय.

त्यांनी तो तपासनीसांच्या खांद्यावर ठेवला. मावशीकडे बघून मान हलवली.

“गरिबी वाईट, साहेब. एकोणीस वर्षं रोजंदारी म्हणजे मोह होतोच. मी तर म्हणतो, तिला फार त्रास देऊ नका. नाव लिहा, सही करा, मोकळे व्हा.”

“आणि मुलांचं काय?”

“त्याची काळजी मला नाही का? हे बघा.” त्यांनी पिशवीतून टाइप केलेला प्रस्ताव काढला, तीन प्रतींत. चोरीमुळे शैक्षणिक नुकसान झालं, सबब याच शाळेला नवी प्रयोगशाळा तातडीने मंजूर व्हावी.

“तक्रार साडेआठला झाली. दहापर्यंत तीन प्रती?”

“शिक्षणाच्या कामात दिरंगाई मला खपत नाही.”

तपासनीसांनी प्रस्ताव वाचला. भाषा समाधानकारक होती.   घाण बघायची त्यांना सवय होती. तिचा वास पहिल्यांदाच येत होता.

“टेबलांना रंग सकाळीच का देता हो?” त्यांनी सहज विचारलं.

“ताजेपणा! सभापतींना सगळं ताजं लागतं,” मेहुणे म्हणाले आणि खांद्यावरचा हात थोपटून काढून घेतला. जाता जाता ते हळूच म्हणाले, “काल तुम्ही सामान पाहून सही केलीत ना, साहेब? म्हणजे सामान होतं. मग गेलं ते चोरीलाच.”

सही केली होती, हे खरंच. काल चहाच्या बशीबरोबर दोन कागद पुढे आले होते. एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात पेन, त्यामुळे वाचायला हात उरला नव्हता. पहिल्या कागदावर ‘सामान पाहिले, समाधानकारक’ असं त्यांच्याच शब्दांत तयार टाइप केलेलं होतं. दुसऱ्यावर काय होतं?

त्यांना आठवेना. मग लक्षात आलं की, आठवेना असं नाही, पाहिलंच नव्हतं.

दुपारी तपासनीस कार्यालयात परतले. कपाटातून त्यांनी दोन वर्षांची फाइल काढली. सभापतींनी ‘प्रत्येक शाळेला प्रयोगशाळा’ ही योजना सुरू केल्यापासून सात शाळांत उद्घाटनं झाली होती. सात शेरे त्यांच्याच सहीचे होते. सात फोटो होते. कुठे टेबलं पिवळी, कुठे आकाशी, कुठे विटकरी. प्रत्येक फोटोत सभापती सापळ्याशी हस्तांदोलन करताना हसत होते.

त्यांनी भिंग काढलं. शिपाई चहा ठेवायला आला तेव्हा साहेब पुटपुटत काहीतरी मोजत होते. चारपर्यंत मोजायचे, थांबायचे आणि पुढचा फोटो घ्यायचे. सातही फोटो झाले तेव्हा चहावर साय आली होती.

टेबलावर परवाच्या टपालात एक निमंत्रणपत्रिका पडली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत, आज दुपारी चार वाजता, प्रयोगशाळेचं उद्घाटन. योजनेतली आठवी. विशेष उपस्थिती म्हणून खाली त्यांचंही नाव होतं.

त्यांनी फौजदारांना फोन केला. “अहवाल पाचऐवजी चारला देतो. पण शाळेत नाही, मी सांगतो तिथे या. मावशीला घेऊन या. मोठ्या बाईंनाही.”

“बेड्या घालून आणू की तशीच?”

“तशीच आणा. बेड्या बरोबर असू द्या.”

आठव्या शाळेची प्रयोगशाळा गुलाबी होती. दारात दोरी, दोरीला पाटी, पाटीवर तीच अक्षरं. आत वीस मायक्रोस्कोप ओळीने चमकत होते. दाराजवळ सापळा उभा होता. अंगणात मंडप, खुर्च्यांवर पालक. पहिल्या रांगेत सभापतींच्या पत्नी. फीत कापून झाली, हस्तांदोलन झालं, विनोदही झाला; तोच होता, लोक पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसले. मावशी मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. ती सापळ्याकडे टक लावून बघत होती, हरवलेलं माणूस बाजारात दिसावं तशी.

“आता आपले तपासनीससाहेब दोन शब्द बोलतील,” मेहुण्यांनी माइकवर सांगितलं. साहेबांचे दोन शब्द नेहमी एकच असत, म्हणून लोक टाळ्यांसाठी हात तयार ठेवून बसले.

तपासनीसांनी माइक घेतला. “बोलण्याआधी मला एक मायक्रोस्कोप हवा आहे,” ते म्हणाले.

“रंग ओला आहे, साहेब,” मेहुणे घाईने म्हणाले.

“म्हणूनच.”

आणि त्यांनी दोरीखालून वाकून आत पाऊल टाकलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला असं वाकताना गुडघे वाजतात. तो आवाज माइकमधून सगळ्यांनी ऐकला. त्यांनी जवळचा मायक्रोस्कोप उचलला. गुलाबी रंगाचे धागे ताणले गेले आणि तुटले. बाहेर येऊन त्यांनी तो स्टेजवरच्या टेबलावर आडवा ठेवला, पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड खिशातून काढलं आणि बैठकीच्या तळाशी हळूच खरवडायला लागले.

“फौजदारसाहेब, जवळ या. हा गुलाबी. हा इथला, अजून ओला. त्याखाली हिरवा. हा काल सकाळी सहाचा. त्याखाली पिवळा, मागच्या हिवाळ्यातला, नदीकाठच्या शाळेतला. मग आकाशी. मग विटकरी. मग करडा. मग पुन्हा एक पिवळा, त्या वर्षी रंग उरला असणार. आणि सगळ्यात खाली पांढरा, पहिल्या शाळेचा. झाडाचं वय खोडातल्या कड्यांवरून मोजतात. हा मायक्रोस्कोप आठ उद्घाटनांचा आहे.”



“सापळ्याची करंगळीही तेच सांगते. माझ्या फाइलीत सात शाळांचे सात फोटो आहेत. सातही सापळ्यांना उजव्या हाताला चारच बोटं. सात माणसं मेली तर सातांचीही करंगळी जावी, असा योग फार दुर्मीळ.”

“साहेब, भावनेच्या भरात…” सभापती उठून म्हणाले.

“बसा हो, थोडंच राहिलंय.” तपासनीसांना स्वतःच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. “प्रयोगशाळा एकच आहे. बिलं आठ. ती टेम्पोतून फिरते. टेबलं उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच रंगवायची, म्हणजे लोक दोरीबाहेर राहतात. नळाला पाइप नाही, भिंगाला काच नाही, हे कोणाला कळत नाही. पाहुणे चहाला गेले की सामान बाहेर, आणि दार ओढून शिपायाला सांगायचं की आत पाऊल टाकू नकोस. युक्ती चांगली आहे. पण ज्या ओल्या रंगाने माणसं लांब राहतात, तोच रंग सामानाला चिकटतो.”

मग ते मावशीकडे वळले आणि तिच्याकडे बघूनच पुढचं बोलले, जणू बाकी मंडप रिकामा होता. “कालच्या टेबलांवर रंग उपटून निघाल्याचे काटे आहेत. मायक्रोस्कोप रंग ओला असताना उचलले, म्हणजे दुपारच्या आत. सापळा सतरंजीत गुंडाळून नेला. ज्या कार्यक्रमात सतरंजीच नव्हती. हिने कुलूप लावलं दीडला. हिने रिकाम्या खोलीला कुलूप लावलं. एरवी हे कधी उघडकीला आलं नसतं, कारण उद्घाटनानंतर प्रयोगशाळा उघडून बघायची पद्धतच नाही. या मोठ्या बाई नवीन होत्या. त्यांना पद्धत माहीत नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी तास घ्यायचा ठरवला आणि वर लेखी तक्रार केली. कागद झाला म्हटल्यावर चोर लागणारच. कायम व्हायला आलेली, वर कोणी नसलेली बाई हाताशी होतीच. शिवाय चोरी झाली की नवव्या प्रयोगशाळेचं बिल.”

“हा बदनामीचा कट आहे,” मेहुणे म्हणाले. चेहरा हसतमुखच होता, फक्त हसण्यातून रंग उडाला होता.

“असेल. मग एकच सांगा. कालचं सामान मावशीने चोरलं, की तुम्ही?”

“मी चोर?” मेहुण्यांचा तोल गेला. त्यांनी आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून हवेत नाचवला. “मी कायद्याने नेलंय! वाचा! ‘तपासणीनंतर सामान दुरुस्तीसाठी पुरवठादाराच्या ताब्यात देण्यात येत आहे.’ खाली सही कोणाची? तुमची, समाधानसाहेब! मला बुडवायला निघालात, तर आधी स्वतःकडे बघा!”

तपासनीसांनी हात पुढे करून कागद घेतला. सही त्यांचीच होती. चहाचा एक थेंबही शेजारी पडलेला होता.

“आभारी आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडे याची प्रत नव्हती.” त्यांनी कागद फौजदारांना दिला. “सामान आपण नेलं, असं यांनी दोनशे माणसांसमोर सांगितलं आहे. म्हणजे मावशीने नेलेलं नाही. एक आरोपी हे. दुसरे यांच्या बिलांवर सह्या करणारे, ते स्टेजवर बसले आहेत. तिसरा मी. मी सात वेळा न बघता सही केली. मला पैसे मिळाले नाहीत, चहा मिळाला. माझं नावही लिहा.”

सभापतींनी माइक ओढून घेतला. या प्रकाराने आपण व्यथित झालो आहोत, असं त्यांनी सांगितलं. या कंत्राटदाराशी आपला कसलाही संबंध नाही. सखोल चौकशीसाठी समिती नेमली जाईल आणि तिचं अध्यक्षपद आपण स्वतः घेऊ. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नीने आधी भावाकडे पाहिलं, मग कसलाही संबंध नसलेल्या नवऱ्याकडे. त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं, ते तपासाच्या कक्षेत येत नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीच्या घोषणेला वाजवल्या की तपासनीसांना, हे सांगणं कठीण होतं. हात कधीपासून तयारच होते.

फौजदारांनी मेहुण्यांना नेलं. बेड्या घातल्या नाहीत. मेहुण्यांनी मनगटं पुढे केली तेव्हा फौजदारच ओशाळले. सभापतींची गाडी निघून गेली. मग पंचनामा झाला. वीस मायक्रोस्कोप, चंबू, नळ्या आणि सापळा, सगळा मुद्देमाल म्हणून जप्त होऊन ठाण्याच्या कोठीत गेला. खटला संपेपर्यंत तो तिथेच राहणार होता. त्यामुळे आठही शाळांतल्या प्रयोगशाळा आता अगदी सारख्या झाल्या. समानतेचं एवढं काम योजनेने केलं, हे मान्य करावं लागेल.

तपासनीस रिकाम्या मंडपात एका खुर्चीवर बसले. मांडीवर अहवाल होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘समा’ एवढं सवयीने लिहिलं, मग खोडलं. निलंबनाचा आदेश उद्या येईल की परवा, याचा त्यांनी अंदाज बांधला. पेन्शनचा विचार मनात आला आणि त्यांनी तो बाजूला सारला. हलकं वाटत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलो, अशी एक सुरेख ओळ त्यांना सुचायला लागली होती.

मावशी समोर येऊन उभी राहिली. डोळे रडून लाल झाले होते. ती आता पाया पडेल की काय, या धास्तीने त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

“साहेब,” ती म्हणाली, “एक मागायचं होतं.”

“माग ना.”

“ते पिशवीतलं कुलूप तेवढं परत द्या. शाळेला कुलुपाची मंजुरी नव्हती म्हणून मी घरचं आणून लावलं होतं. सकाळपासून माझं घर सताड उघडं आहे.”